बाई, पंखा लावू का?

(१९९४ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपण’ असा विषय छापलाय. मी वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करते, त्यामुळे संयोजकांनी तो परस्पर ठरवून टाकला. काल रात्री मी आपल्या संयोजकाला फोन करून सांगितलं की मी विषय बदलतेय. तो म्हणाला, “मग कशावर बोलणार?” मी म्हटलं, “हॉट फ्लॅशवर.” थोडा वेळ पलीकडून काहीच आवाज नाही. मग म्हणाला, “ते मोबाइलच्या कॅमेऱ्यातलं असतं ना गं?”

तर ते कॅमेऱ्यातलं नसतं. पाळी जायच्या सुमाराला बायकांच्या अंगातून ज्या गरम वाफा निघतात, ते. इथे बसलेल्या आपण सगळ्या मुली ४६ ते ४७ वर्षांच्या आहोत. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वयही साधारण हेच आहे. युरोप-अमेरिकेत ते ५१ च्या आसपास असतं. म्हणजे हा विषय आत्ता, याच मांडवात, आपल्यात बसलेला आहे. मुलांनो, तुम्ही चहाला बाहेर जाऊ नका. तुमच्या घरी हे चालू आहे किंवा चालू होणार आहे.

पहिल्यांदा हे मला झालं दोन वर्षांपूर्वी, ऑफिसमध्ये. नोव्हेंबर महिना, एसी इतका की बाकीच्यांनी जॅकेटं घातलेली. परदेशातल्या ग्राहकाबरोबर व्हिडिओ मीटिंग चालू होती आणि मी बोलत होते. एकदम छातीतून काहीतरी वर सरकलं, मान, कान, चेहरा पेटल्यासारखे झाले आणि कपाळावरून घामाच्या धारा. छाती धडधडायला लागली. मला वाटलं, हार्ट अटॅक. मी ‘नेटवर्क गेलं’ असं खोटं सांगून कॅमेरा बंद केला. तीन-चार मिनिटांत सगळं ओसरलं आणि मग अशी थंडी भरली की शेजारणीची शाल मागून घेतली.

मग ते रोजचं झालं. रात्री तर फारच. दोन वाजता उठायचं, गाऊन बदलायचा, उशी उलटी करायची. मी पंखा पाचवर करायची, यजमान दहा मिनिटांनी उठून दोनवर आणायचे. पंचवीस वर्षांच्या संसारात आमची एवढी भांडणं कधी झाली नव्हती, जेवढी त्या रेग्युलेटरवरून झाली. झोप नाही म्हणून दिवसा डोकं चालेना. एकदा मी तपासून पाठवलेल्या कामात इतकी साधी चूक राहिली की माझ्या हाताखालच्या पंचवीस वर्षांच्या पोराने ती मला दाखवली, तीही संकोचून. त्या आठवड्यात मी राजीनाम्याचं पत्र लिहून ठेवलं होतं. पाठवलं नाही एवढंच. हे मी आज पहिल्यांदाच कुणापुढे बोलतेय.

पहिल्या डॉक्टरांनी काय सांगितलं? “वय झालं, आता हे सोसायचंच. मन रमवा.” आईला विचारलं, तर ती म्हणाली, “आम्हाला कुठे वेळ होता असलं काही व्हायला?” नंतर दोन दिवसांनी तिचाच फोन आला. हळू आवाजात म्हणाली, “मला चार वर्षं होत होतं गं. मी ओला टॉवेल घेऊन गच्चीत जाऊन बसायची. तुझ्या बाबांना वाटायचं, मी रुसलेय.”

आता माझ्या पेशाप्रमाणे थोडं सांगते. यंत्र बिघडलं तर आधी आत काय चाललंय ते समजून घ्यायचं. घरातल्या एसीचं उदाहरण घ्या. तुम्ही २४ वर लावला तर तो २४ ला बंद, २४.१ ला सुरू असं करत नाही. मध्ये थोडी मोकळीक ठेवतो, नाहीतर कॉम्प्रेसर सारखा चालूबंद होत राहील. आपल्या मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे, तो शरीराचा थर्मोस्टॅट. त्यालाही अशी मोकळीक असते. अंगाचं तापमान थोडं इकडेतिकडे झालं तरी तो गप्प बसतो. पाळी जायच्या काळात इस्ट्रोजेन कमी-जास्त होतं आणि मग उतरतं. त्याचा लगाम सुटला की या भागातल्या काही चेतापेशी जास्त सक्रिय होतात आणि ती मोकळीक अगदी अरुंद होते. मग अंशाच्या काही दशांश भागानेही तापमान वाढलं की मेंदू ठरवतो, ‘फार तापलंय, थंड करा.’ त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून चेहरा लाल. घाम फुटतो. उष्णता बाहेर जाते आणि ती जरा जास्तच गेली की मागून हुडहुडी. एकूण खेळ एक ते पाच मिनिटांचा.

हे कळलं तेव्हा मला निम्मं बरं वाटलं. माझं डोकं फिरलेलं नव्हतं, मी नाटक करत नव्हते, माझ्या थर्मोस्टॅटची सेटिंग बदलली होती.

आणि हे किती जणींना होतं? वेगवेगळ्या पाहण्यांत दहातल्या सहा ते आठ जणींना. किती दिवस चालतं? आपल्याकडे ‘सहा महिन्यांत जातं’ असं सांगतात. अमेरिकेत बायकांच्या एका मोठ्या गटाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला. २०१५ साली त्याचे आकडे आले, तेव्हा ज्यांना वारंवार वाफा येतात अशा बायकांत मधला आकडा ७.४ वर्षं निघाला. सात वर्षं ‘मन रमवून’ काढायची?

मग मी नोंदी ठेवायला घेतल्या. एक्सेलमध्ये सहा आठवडे. वेळ, किती मिनिटं, त्रास किती (एक ते तीन), आणि आधी काय केलं होतं. पहिल्या आठवड्यात दिवसाला सरासरी नऊ आणि रात्री तीन निघाल्या. मला ठाम संशय मिसळीवर होता. रविवारी मिसळ झाली की त्रास होतो, असं मी सगळ्यांना सांगत सुटले होते. सहा आठवड्यांच्या नोंदींत मिसळीचा काडीचाही संबंध दिसला नाही. मिसळ निर्दोष सुटली. पकडला गेला तो दुपारी चारचा कडक गरम चहा, बंद खोलीतली मीटिंग आणि रात्रीची ती सुंदर पॉलिस्टरची चादर. हे माझं झालं. तुमचं वेगळं असेल, कदाचित काहीच सापडणार नाही. पण नोंदवहीचा खरा उपयोग पुढे झाला. दुसऱ्या डॉक्टर बाईंसमोर मी ‘खूप त्रास होतो’ म्हटलं नाही, कागद ठेवला. त्यांनी तो वाचला आणि पहिल्यांदाच कुणीतरी मला, “रात्रीची झोप किती तास होते?” असं विचारलं.

त्यांनी आधी बाकीच्या शक्यता तपासल्या. थायरॉइड वाढलं असलं तरी असाच घाम आणि धडधड होते, म्हणून टीएसएच. हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब. रात्री घाम येतो आणि त्याबरोबर ताप, खोकला, वजन घटणं असेल, तर तो पाळीचा घाम म्हणून सोडून देऊ नका, क्षयासकट इतर कारणं बघावी लागतात. पाळीच्या हार्मोनची तपासणी मात्र त्यांनी सांगितली नाही. मी आधी दोनदा पैसे घालून केली होती आणि दोन्ही वेळा वेगळे आकडे आले होते. त्या म्हणाल्या, “४५ नंतर लक्षणं आणि पाळीचं वेळापत्रक यावरूनच कळतं. हा आकडा या काळात रोज वर-खाली होतो.” सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरायचं. माझी अजून चार-पाच महिन्यांनी उगवते, न सांगता, जुन्या पाहुण्यासारखी.

मग उपचार. इथे मी घाबरले, कारण हार्मोन म्हटलं की कॅन्सर, एवढंच मला ठाऊक होतं. ही भीती आली कुठून ते सांगते. २००२ साली अमेरिकेत एक मोठा प्रयोग मध्येच थांबवला गेला. सोळा हजारांहून जास्त बायका होत्या, निम्म्यांना दोन हार्मोनची गोळी, निम्म्यांना खोटी गोळी. हार्मोनवाल्या गटात स्तनाचा कर्करोग २६ टक्क्यांनी वाढला, अशी बातमी जगभर गेली आणि रातोरात डॉक्टरांनी हात आखडते घेतले. आता आपल्या गणिताच्या सरांनी शिकवलेलं आठवा : टक्के कशाचे, ते विचारा. वाढ होती वर्षाला दर दहा हजार बायकांमागे आठ. ती नाही असं मी म्हणत नाही, ती आहे. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. हृदयविकार टाळता येतो का, हे बघायला तो प्रयोग केला होता. आपल्या वयाच्या, वाफांनी झोप उडालेल्या बाईसाठी तो आखलेलाच नव्हता. नंतर त्याच आकड्यांचा वयाप्रमाणे विचार झाला. आज तज्ज्ञ संस्थांचं म्हणणं असं, की ६० च्या आतल्या, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नाहीत अशा, आणि दुसरी अडचण नसलेल्या बहुतेक बायकांना त्रास जास्त असेल तर या उपचाराचा फायदा धोक्यापेक्षा मोठा असतो. वाफांवर याच्याइतकं परिणामकारक दुसरं औषध नाही. जुन्या प्रयोगांच्या एकत्रित हिशोबात वाफा सुमारे ७५ टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या.

पण हे प्रत्येकीसाठी नाही, आणि औषधाच्या दुकानातून आपापलं आणून घ्यायचं तर मुळीच नाही. स्तनाचा कर्करोग झालेला असेल, पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गाठ झाली असेल, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, यकृताचा मोठा आजार असेल, कारण न कळलेला रक्तस्राव होत असेल, तर सहसा देत नाहीत. माझी मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली, घरच्या आजारांची चौकशी झाली. मग मला त्वचेवर लावायचं इस्ट्रोजेनचं जेल मिळालं. त्वचेतून जाणाऱ्या औषधात रक्ताच्या गाठीचा धोका गोळीपेक्षा कमी मानतात. सोबत रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल. गर्भाशय जागेवर असेल तर नुसतं इस्ट्रोजेन चालत नाही, आतलं अस्तर वाढून कर्करोगाचा धोका निर्माण होतो. हे नीट लक्षात ठेवा, कारण मैत्रिणीचं औषध आपण घ्यायचं हा आपला राष्ट्रीय छंद आहे. ज्या मैत्रिणीचं गर्भाशय काढलेलं आहे, तिची चिठ्ठी तुम्हाला चालणार नाही. आणि हो, हे गर्भनिरोधक नव्हे. ४६ व्या वर्षी गोड बातमी नको असेल, तर त्याची सोय वेगळी करा.

तिसऱ्या आठवड्यात माझ्या एक्सेलमध्ये नवाचे पाच झाले. दोन महिन्यांनी दिवसाला एखादी. रात्र सलग झोपेची. आज पत्र लिहिण्याची इच्छा होत नाही, कोड लिहिण्याची होते.

आपल्या बाकावरच्या एका मैत्रिणीची गोष्ट वेगळी. तिने सांगायला परवानगी दिली आहे, नाव नाही. तिला चार वर्षांपूर्वी स्तनाचा कर्करोग झाला. हार्मोन तिला बंद. कर्करोगाच्या औषधाने तर वाफा आणखी वाढल्या. तिच्यासाठीही उपाय निघाला. नैराश्यावर वापरतात त्यातलीच काही औषधं कमी मात्रेत वाफांवर चालतात. त्यातही बघून द्यावं लागतं, कारण टॅमोक्सिफेन घेणाऱ्या बाईला पॅरॉक्सेटीन टाळतात, ते त्या औषधाचं काम कमी करतं. तिला व्हेन्लाफॅक्सीन दिलं. गॅबापेंटिन हाही एक पर्याय, विशेषतः रात्रीच्या त्रासाला. याशिवाय मेंदूतल्या त्या उत्तेजित पेशींवरच काम करणारं फेझोलिनेटंट नावाचं औषध आलंय. अमेरिकेत त्याला २०२३ साली मान्यता मिळाली, पण यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. आणि विचारांची, सवयींची एक शिस्तशीर मानसोपचार पद्धत आहे, कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी. तिने वाफेचा जाच कमी होतो, झोप सुधारते. ‘मन रमवा’ म्हणणं वेगळं आणि हे वेगळं, ही शिकवायची गोष्ट असते.

आता काढे, गोळ्या, पावडरी. मी सुद्धा सोयाबीनच्या गोळ्यांवर आणि एका ‘शंभर टक्के नैसर्गिक’ सिरपवर पाच हजार घालवलेत. अमेरिकेतल्या रजोनिवृत्तीच्या तज्ज्ञ संस्थेने २०२३ साली सगळे पुरावे तपासले. त्यात सोया आणि वनौषधींचे पूरक यांची शिफारस त्यांनी केली नाही. माझ्या योगवर्गातल्या मैत्रिणींना वाईट वाटेल, पण वाफा कमी करण्यासाठी म्हणून योग आणि व्यायामाचीही केली नाही. जास्तीचं वजन कमी करण्याची केली. म्हणून योग सोडू नका. हाडं, मन, साखर, रक्तदाब यांसाठी तो हवाच, मीही करते. फक्त वाफा थांबल्या नाहीत तर ‘माझ्या साधनेतच खोट आहे’ असं स्वतःला लावून घेऊ नका. या त्रासावर खोट्या गोळीनेही बऱ्याच जणींना काही दिवस बरं वाटतं, असं प्रयोगांत सारखं दिसतं. म्हणून शेजारणीचा अनुभव खरा असतो, पण पुरावा म्हणून अपुरा पडतो.

बाकी सुती कपडे, एकावर एक घातलेले, म्हणजे एक काढता येतो. टेबलावर छोटा पंखा. पाण्याची बाटली. आमच्या पलंगावर आता दोन वेगळ्या चादरी आहेत आणि माझ्या बाजूला एक टेबलफॅन. पाच हजारांच्या सिरपने जे झालं नाही, ते बाराशेच्या टेबलफॅनने झालं. रेग्युलेटरवरचं भांडण मिटलं.

काही गोष्टी मात्र थांबायच्या नाहीत. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थेंबभर जरी रक्त दिसलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टर. ४० च्या आत पाळी गेली तर ‘सुटले’ म्हणू नका. हाडांसाठी, हृदयासाठी उपचार लागतो. आणि ‘मुलंबाळं झाली, आता पिशवी काढून टाका’ असं कुणी सहज सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय होकार देऊ नका. २०१९ साली बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. कमी वयात पिशवी काढलेल्या. गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली तर हा सगळा त्रास हळूहळू येत नाही, एका रात्रीत येतो, आणि बाईला वाटतं ऑपरेशनमध्ये काहीतरी चुकलं.

एसी ऑफिसात बसून मला राजीनामा द्यावासा वाटला. आपली एक मैत्रीण एसटीत कंडक्टर आहे. मे महिन्यात भरलेल्या गाडीत, जाड युनिफॉर्ममध्ये, सुट्ट्या पैशांवरून वाद चालू असताना तिला वाफ येते. ती कॅमेरा कसा बंद करणार? ज्यांचे आज कारखाने आहेत, दुकानं आहेत, शाळा-संस्था आहेत अशा आपल्यातल्या मुलांना मी एवढंच मागते. तुमच्याकडे काम करणाऱ्या बाईला पंख्याजवळची जागा, पाणी आणि पाच मिनिटं द्या. कारण विचारू नका.

आता शेवटचं, आणि ज्याच्यासाठी मी विषय बदलला ते.

नववीत विज्ञानाच्या पुस्तकात तो एक धडा होता. तुम्हाला सगळ्यांना आठवतोय, हसताय म्हणजे आठवतोय. ‘हा धडा घरी वाचा’ असं सांगून आपण पुढच्या धड्यावर गेलो होतो. दोष कुणाचा नाही, तेव्हा सगळीकडे तसंच होतं. पण घरी तो कुणी वाचला? मी तो ४५ व्या वर्षी वाचला.

त्याच वर्षी आपल्याला भूगोल शिकवायला बाई होत्या. डिसेंबरमध्ये, आपण सगळे स्वेटर घालून बसलेले असताना, बाई नकाशा दाखवता दाखवता थांबायच्या. चेहरा लाल व्हायचा, पदराने मान पुसायच्या आणि म्हणायच्या, “कुणीतरी पंखा लावा रे.” आपण त्यांना काय नाव ठेवलं होतं? पंखाबाई. फळ्यावर कुणीतरी पंख्याचं चित्र काढलं होतं. ते कुणी काढलं, हे तीस वर्षांत उघड झालेलं नाही. आज सांगते. मी काढलं होतं.

बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. परवा मी त्यांना फोन केला, सगळं सांगितलं आणि विचारलं, “बाई, हे बोलू का?” बाई म्हणाल्या, “बोल. आणि हेही सांग, की तेव्हा मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, मला वेड लागतंय. स्टाफरूममध्ये आम्ही सहा जणी होतो, सहाही जणींना होत असणार, पण एकीनेही दुसरीला विचारलं नाही.”

सहा जणी, एक खोली, आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपण एकटीच. मैत्रिणींनो, आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपण तेवीस जणी आहोत. रोज सुप्रभात पाठवतो. उद्यापासून एक जण तरी हे विचारा, “काय गं, झोप लागते का?” एवढं पुरे आहे.

आणि मेळाव्याचा जो निधी शिल्लक राहील, त्यातून दोन गोष्टी कराव्यात असं मी सुचवते, माझा वाटा मी आजच देते. एक, स्टाफरूममध्ये आणि प्रत्येक वर्गात चालणारे पंखे. दुसरी, वर्षातून एकदा स्त्रीरोगतज्ज्ञांना बोलावून तो धडा नववीला वर्गातच शिकवायचा, मुलं आणि मुली एकत्र, आणि त्याच दिवशी दुपारी त्यांच्या आयांसाठी पुढचा धडा, जो पुस्तकात नाही. १८ ऑक्टोबर हा जागतिक रजोनिवृत्ती दिन असतो. तोच दिवस धरू.

बाई, फळ्यावरच्या त्या चित्राबद्दल माफी मागते. आणि तेव्हा जे विचारायला हवं होतं, ते आज विचारते.

बाई, पंखा लावू का?